संकेश्वरची जिनमती

शहापूर, बेळगाव
११ ऑगस्ट २०२५

ती. आत्तीस,
प्रियदर्शनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ह्या पत्त्यावर हल्ली कोण म्हातारं माणूस राहायला आलंय, असं पोस्टमननं घरमालकिणीला विचारलं म्हणे. हातानं लिहिलेला लिफाफा त्यानं ह्या गल्लीत कित्येक वर्षांत टाकला नव्हता. म्हातारं कुणी नाही, माझी आत्ती फोन दान करून स्तवनिधीच्या डोंगरावर जाऊन बसलीय, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, लई पुण्याचं काम. पुण्य तुझं, आणि पोस्टाची तिकिटं आणायला रांगेत मी उभी.

आता कामाचं. सात डिसेंबरला तुझी क्षुल्लिका दीक्षा आहे. त्या दिवशी घर, नाती, नाव, सगळं उतरवून ठेवायचं. त्याआधी डोक्यावर कुणाचं देणं राहता कामा नये, असा तुला दीक्षा देणाऱ्या माताजींचा दंडक. तू लिहिलंस की शाळेच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक सोडलं तर जगाचं माझ्याकडे काही नाही, पण तू एकदा बघून घे. सदलग्याच्या शाळेत जाऊन आले. ते पुस्तक त्यांनी केव्हाच रद्दीत धरलंय, तू सुटलीस.

मग वाटलं, बघायचंच तर पुरतं बघू. तुझ्या सहीचा कागद आणि आधारची प्रत टपालानं पाठवून तुझा क्रेडिट रिपोर्ट मागवला. आपल्या नावावर कुणीकुणी कर्ज दिलंय आणि ते वेळेवर फिटतंय का, याचा तो दाखला. वर्षातून एकदा फुकट मिळतो. मला वाटलं कोरा कागद येईल आणि तो मी तुला चिडवायला पाठवीन.

आत्ती, हे बसून वाच. तुझ्या नावावर तीन कर्जं आहेत. मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये एक, मेमध्ये एक. तिन्ही मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या एकाच कंपनीची. फोन करून खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिलं फ्रीजसाठी, दुसरं पिको-फॉलच्या मशीनसाठी, तिसरं रोख. जूनपासून हप्ते थकलेत. पत्ता संकेश्वरचा, व्यवसायाच्या रकान्यात स्वयंरोजगार. जिनमती मगदूम, वय एकोणसाठ, आधार तुझा, पॅन तुझा, मोबाईल नंबर तुझा जुना.

संकेश्वरला तू एक रात्रसुद्धा राहिलेली नाहीस, हे मला माहीत आहे. तेव्हा दोनच प्रश्न. फोन दिलास कुणाला? आणि देताना त्यातलं सिम काढलं होतंस का?

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं बीपी आणि तुझा भाऊ म्हणून त्यांचा आवाज, दोन्ही एकदम चढतात.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर माझी तक्रार नाही.

तुझी,
प्रियदर्शनी

स्तवनिधी
१८ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीस,
आत्तीचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

पत्र तीनदा वाचलं. एकदा घाबरून, एकदा शाळेतल्या बाईसारखं लाल पेन घेऊन, आणि एकदा नुसतंच.

इथं सध्या धुकं इतकं उतरतं की मंदिराच्या पायऱ्यांवर बसलं तर खालचा हायवे दिसत नाही, नुसता ऐकू येतो. कोण कुठं चाललंय कळत नाही. काल दुपारी तुझं पत्र मांडीवर घेऊन तिथंच बसले होते, तेवढ्यात डोळा लागला आणि ती दिसली. संकेश्वरची जिनमती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पायवाट, आणि वाटेच्या टोकाला भिंती नसलेलं घर. घरात फक्त फ्रीज. तिनं दार उघडलं, आतला उजेड तिच्या तोंडावर पडला. तिनं हिरवी साडी नेसली होती, मी जन्मात नेसले नाही अशी गडद हिरवी. फ्रीजमध्ये पाण्याच्या तांब्याशिवाय काही नव्हतं. तिनं मला पाणी दिलं. मी तिला नाव विचारलं तर तिनं माझं नाव सांगितलं, आणि माझ्यापेक्षा ठसक्यात सांगितलं. जाग आली तेव्हा मला तिचा राग यायला हवा होता. पण घसा गार वाटत होता.

हसू नकोस. आता तुझे प्रश्न.

फेब्रुवारीत मी परिग्रह-परिमाण लिहून काढलं. आपल्याजवळ अमुक एवढंच ठेवीन, अशी ती मर्यादा. दोन पांढऱ्या साड्या, चटई, तांब्या, पाच पुस्तकं, शाईचं पेन. फोन त्यात बसेना, म्हणून देऊन टाकला. पुसून, चार्ज करून दिला. सिम म्हणजे फोनचाच एक अवयव, अशीच माझी समजूत. आणि खरं सांगू, माहीत असतं तरी काढलं नसतं. ताट वाढून पुढं सारल्यावर त्यातली भाकरी कोण मागं घेतं? त्यात तू पेन्शनच्या वेळी काढलेले आधार आणि पॅनचे फोटो होते, हे आत्ता आठवलं.

फोन कुणाला दिला, ते विचारू नकोस. दान कुणाला दिलं हे बोलून दाखवलं की ते दान राहत नाही. शिवाय जिला दिला ती असं करणारी नव्हे. फोन दहा हातांतून फिरतो.

माताजींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की देणं तू केलेलं नसेल, पण ते तुझ्या नावावर आहे. आणि जे नाव दुसऱ्याच्या हातात आहे, ते तू सोडणार कसं? आधी परत आण, मग सोड. सात डिसेंबरनंतर त्यांचा संघ पायी विहार करत बुंदेलखंडाकडे निघेल. पुन्हा ह्या बाजूला कधी येईल, ते त्यांनाही ठाऊक नाही. माझे गुडघे तितकी वर्षं थांबतील असं मला वाटत नाही.

तेव्हा गं बाळा, हे तुझ्यावरच आहे. आयुष्यभर नाव राखलं आणि आता टाकायच्या वेळी ते शोधत फिरायची पाळी आली.

तब्येत सांभाळ. बाहेरचा वडापाव कमी कर. आठवण ठेवावी, पण रडू नये.

तुझी आत्ती

बेळगाव
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

गल्लीतल्या गणपतीचा स्पीकर माझ्या खिडकीला लावलाय, त्यामुळे अक्षर थरथरलं तर दोष त्याचा.

तू स्वप्नं बघ, मी अर्ज करते. काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तुझ्या बरोबरच्या बायकांनाही सांगशील. आधी तुझं सिम बंद केलं आणि त्याच नंबरचं नवीन काढलं. ह्यासाठी तुला डोंगरावरून उतरवून निपाणीला अंगठा द्यायला आणलं, तेव्हा तू दुकानदाराला पंख्याखाली बसून उपदेश केलास, आठवतंय ना? मग आधारचे ठसे लॉक केले. रिपोर्ट काढणाऱ्यांकडे तक्रार घातली की ही तीन कर्जं ह्या बाईची नाहीत. ते कंपनीला विचारतात, आणि तीस दिवसांत निकाल लावावा लागतो. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई तुला. तू ते घेणार नाहीस, माहीत आहे. मी घेईन.

बँकेला आप्पांचा नंबर जोडलेला होता म्हणून पेन्शन वाचली. आप्पांना सांगावं लागलं. ते एवढंच म्हणाले की आक्का लहानपणीपण दप्तर वाटून रिकामी घरी येत होती.

आता मुख्य. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मी लिहिलं की कर्ज देताना तुम्ही माणसाचा फोटो काढून घेता, तो दाखवा. चार वेळा लिहिल्यावर त्यांनी पाठवला. सोबत ठेवलाय. आत्ती, ती तू नाहीस. आंधळ्यालाही कळेल. पस्तीस-छत्तीसची बाई आहे, कपाळावर मोठं कुंकू, मागं भिंतीवर कॅलेंडर. आधारवरची एकोणसाठ वर्षांची तू आणि ही, दोघी एकच आहेत असं त्यांच्या मशीननं ठरवलं!

मी म्हटलं, आता पुसा नाव. तर म्हणतात पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत हवी. ती पण मी टाईप करून आणलीय. अज्ञात व्यक्तीने माझ्या कागदपत्रांचा गैरवापर केला, एवढंच. तू खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. बाकी सगळं मी पळते.

फोटोतल्या बाईची साडी हिरवी नाही, फिकट गुलाबी आहे. तुझं स्वप्न नापास.

मोदक तुझ्या वाटचेही मीच खाल्ले. राग नसावा, लोभ असावा.

तुझी,
प्रियदर्शनी

स्तवनिधी
९ सप्टेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

दशलक्षण पर्व संपलं. काल आम्ही सगळ्यांनी एकमेकींची क्षमा मागितली. तुझ्याशी वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं काही वावगं झालं असेल तर मला क्षमा कर. हे दरवर्षी लिहिते, पण यंदा त्यात पुढचा मजकूरही धर.

तुझा तक्रारीचा कागद सही न करता परत पाठवते आहे.

त्यात अज्ञात व्यक्ती असं लिहिलंय. फोटो पाकिटातून अर्धा बाहेर आला तेव्हाच मी तिला ओळखलं. अक्काताई. सातवीत तिसऱ्या बाकावर बसायची, हातातल्या रुमालावर सतत काहीतरी टाके घालत. मी रागवायची आणि नंतर रुमाल बघायला मागून घ्यायची. लग्न होऊन संकेश्वरला गेली. फेब्रुवारीत एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली की बाई, घरात फोन हाय पर माझ्या हातात कोण देत न्हाय. द्यायचाच म्हणून पुसून, चार्ज करून ठेवलेला माझा मी तिथंच पिशवीतून काढून दिला. दान झाकून ठेवायचं म्हणत होते, तेही आता राहिलं नाही.

तेव्हा अज्ञात म्हणून सही केली तर मी खोटं बोलले. नाव लिहून सही केली तर पोलीस तिच्या दारात. तिला दोन मुली आहेत. सत्य पाळू तर हिंसा होते, अहिंसा पाळू तर खोटं होतं. दोन्ही व्रतं एकाच कागदावर अशी समोरासमोर येतील, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्रंदिवस तिचाच चेहरा समोर असतो असं नाही. पण पायऱ्यांवर बसलं की धुक्यातून कुणीतरी वर चढत येतंय असं वाटतं, आणि ते शेवटच्या वळणावर पोचतच नाही. माझ्या नावानं ती सहा महिने जगली. त्या नावात तिला काय मिळालं असेल, एवढंच मनात येतं.

तू चिडशील. चीड, पण उपाशी राहू नकोस.

तुझी आत्ती

बेळगाव
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्तीस,
नमस्कार. आज साष्टांग नाही, नुसताच.

हो, चिडले आहे. ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकून, तीन वेळा सायबर पोलीस ठाण्यात जाऊन, तिथल्या बाईंना तुझी सगळी हकीकत सांगून मी तो मसुदा तयार केला होता. त्या कानडीतून म्हणाल्या की तुमच्या आत्तीसारखी माणसं असतील तर आमचं काम दुप्पट. मला पटलं.

तिनं चोरी केली आत्ती. गोड शब्दांत गुंडाळू नकोस. तू तिला फोन दिलास आणि तिनं तुझं नाव घेतलं. उद्या वसुलीवाले स्तवनिधीला येऊन माताजींच्या समोर तुझं नाव मोठ्यानं घेतील, ते चालेल? तुझ्या नावाला लागलेला डाग तू असाच ठेवणार, कारण सातवीत तिचे टाके छान होते?

तर मग दीक्षा विसर. सदलग्याला चल. आप्पांना एकटं जेवायला आवडत नाही, मला सुट्टीला कुठंतरी जायला घर हवं असतं. बेळगावला ये पाहिजे तर. खोली लहान आहे पण गॅलरीतून सकाळी ऊन येतं.

हे लिहिल्यावर पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं की मी तुझं नाव सोडवायला पळते आहे. पण तू सही केली नाहीस हे वाचल्यावर पहिल्यांदा जे वाटलं, ते बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. चार वर्षांची होते, आई गेली तेव्हापासून माझी वेणी तू घातलीस, माझ्या वह्यांना कव्हरं तू घातलीस. तू आता जगाची होणार आणि मी जगातली एक. हे मला जमेना झालंय. क्षमा वर्षभराची मागतात ना, तर माझीही ही एवढी लिहून ठेव.

काय करायचं ते तूच सांग. तारखेला पावणेतीन महिने उरलेत.

तुझी,
प्रियदर्शनी

स्तवनिधी
२६ सप्टेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
खूप आशीर्वाद, आणि ह्या वेळी थोडे जास्तच.

तुझं पत्र वाचून मी माताजींकडे गेले आणि विचारलं की दीक्षेआधी ज्यांचं मन दुखावलं असेल त्या सगळ्यांची क्षमा मागायची असते, मग मी संकेश्वरला जाऊ का? त्या म्हणाल्या, तुझं मन तिनं दुखावलं ना? मी म्हटलं, ते तिचं तिनं बघावं, मी माझं बघते. त्यांनी हो म्हटलं, पण चालत जायला सांगितलं. सोबत इथल्या संघातल्या लक्ष्मीबाई आल्या. त्या माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आणि दुप्पट भराभर चालणाऱ्या.

पहाटे उजाडल्यावर निघालो. हायवे सोडून आतल्या वाटेनं. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि वाटेवर दोन्हीकडून वाकला होता, त्यामुळे आकाश एका पट्टीएवढंच. पानांवरचं दव खांद्यावर पडत होतं. किती चाललो ते कळेना, गावं मागं गेली तरी वाट तीच वाटायची. एका ठिकाणी मला खरंच शंका आली की मी जागी आहे का. लक्ष्मीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की पाय दुखत्यात न्हवं, मग जागीच हाईस. दुपार टळताना पोचलो.

घर लहान आहे. भिंती आहेत त्याला. दारात पिको-फॉलची पाटी. अक्काताई मशीनवर बसलेली, मांडीवर कुणाची तरी नवी साडी. मला बघितल्यावर तिनं पाय मशीनवरून काढलाच नाही, मशीन तसंच चालत राहिलं, साडी पुढं सरकत खाली पडली.

मी कर्जाचं काही बोलले नाही. हात जोडून म्हटलं की मी तुला फोन दिला आणि माझं नाव त्यातून काढून घेतलं नाही. उघड्या दाराच्या घरात तुला एकटीला बसवून मी निघून गेले. तुझ्या हातून जे झालं त्यात माझा गाफीलपणा आहे, तर मला क्षमा कर. प्रियदर्शनी, मी हे पाठ करून गेले नव्हते. आतून आलं तसं बोलले.

ती जी रडायला लागली, की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. सगळं तिनंच सांगितलं. तिला मशीन घ्यायचं होतं. कर्ज मागायला गेली तर कळलं की तिच्या नावावर नवऱ्यानं आधीच तीन ठिकाणी उचल करून बुडवलीय. तिचा अंगठा, तिचा फोटो, तिला पत्ता नाही. मोबाईलवरच्या माणसानं तिला सांगितलं की तुमचं नाव खराब हाय. ती म्हणाली, बाई, माझं नाव मी कधी वापरलंच न्हाय आन ते खराब कसं झालं? तुमचं नाव फोनात बघितलं, लई स्वच्छ दिसलं. वाटलं थोडे दिस घेते, फेडून परत ठेवते.

फ्रीज घेतला तो दूध आणि दही विकायला. हप्ते मेपर्यंत भरले. मग नवऱ्याला फोन सापडला, त्यानं रोख रक्कम काढायला लावली, आणि सगळं फिसकटलं.

आम्हाला तिनं पाणी दिलं, उकळून गाळून. सूर्य मावळायच्या आत आम्ही तिथल्या बस्तीत, जिनमंदिरात, मुक्कामाला गेलो. सकाळी निघताना ती दारात उभी होती आणि हातात हा कागद. रात्री मुलीच्या वहीचं पान फाडून लिहिलाय. मी मागितला नव्हता. सोबत पाठवते. मी वाचला नाही, घडी तशीच आहे.

तू चोरी म्हणालीस. चोरीच आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पण तू जे शेवटी लिहिलंस, त्या बरं वाटण्याबद्दल, ते मी वहीत ठेवलं नाही. ते मनात ठेवलंय.

तुझी आत्ती

बेळगाव
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. कारण सांगते, शेवटपर्यंत वाच.

अक्काताईनं त्या पानावर लिहिलं होतं की फोटोतला चेहरा माझा, कर्ज मी घेतलं, मगदूम बाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं, फेडायचं ते मी माझ्या नावानं फेडीन. खाली सही, आणि सहीखाली पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. शाळेत शिकवलंस तसं. मी संकेश्वरला गेले. तिच्याकडून हेच नीट अर्जावर लिहून घेतलं आणि तिला समजावलं की ह्यात तुला धोकाही आहे. ती म्हणाली, असू दे ताई, एकदा तरी माझ्या नावानं काहीतरी खरं होऊ दे. तिचा स्वतःचा रिपोर्टही मागवलाय. नवऱ्यानं केलेल्या कर्जांची तक्रार तिची ती करणार आहे, मी फक्त अर्ज भरून देते.

कंपनी आधी फुगली. मी लिहिलं की फोटो तुमच्याच फायलीत आहे, कर्ज देताना चेहरा कुणी बघितला नाही हे बँक लोकपालांपुढं सांगताना तुम्हाला बरं वाटेल का? मग नरमले. त्यांनाही आपलं झाकायचं होतं. पोलिसांचा आग्रह सोडला. फ्रीज विकून रोख भागलं, बाकी दोन्ही कर्जांचे हप्ते अक्काताईच्या नावावर झाले. तुझ्या रिपोर्टमधून तिन्ही नोंदी काढल्या. नवीन प्रत सोबत आहे. कोरी आहे आत्ती, तुझ्या साडीसारखी.

आता ऐक. ही प्रत मला आज मिळालेली नाही. सात तारखेला मिळाली. अकरा दिवस ती माझ्या उशीखाली होती. रोज सकाळी पाकिटावर तुझा पत्ता घालायची आणि ऑफिसला जायची. हा कागद पोचला नाही तर सात डिसेंबर टळेल, संघ निघून जाईल आणि तू राहशील, हे मला पुरतं माहीत होतं. वरवर मी लोकांना सांगत होते की कंपनी वेळ लावतेय. आधी अक्काताईनं तुझं नाव ठेवून घेतलं होतं, मग मी.

मला क्षमा कर. न करशील तर तेही बरोबर आहे.

तुझी,
प्रियदर्शनी

स्तवनिधी
२३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
पोटभर आशीर्वाद.

कागद पोचला. माताजींना दिला, त्यांनी वाचला आणि घडी घालून ग्रंथाखाली ठेवला. तारीख तीच राहील.

आता माझं ऐक. अक्काताई आठ तारखेला इथं येऊन गेली. मंदिरात नारळ न फोडता कसा नमस्कार करायचा हे तिला कळेना, म्हणून दाराशीच उभी राहिली. कंपनीचा निरोप आला, बाईंचं नाव मोकळं झालं, असं तिनं मला सांगितलं. म्हणजे मलाही ठाऊक होतं. मी तुला एक ओळ लिहून कागद मागवू शकत होते. निपाणीला जाऊन दुकानातून फोन लावू शकत होते. काही केलं नाही. माताजींनी दोनदा विचारलं, काही आलं का? मी म्हटलं, आलं नाही. कागद आला नव्हता हे खरं, आणि मी खरं बोलले नाही हेही खरं.

ते दिवस मी पायऱ्यांवर बसून काढले. धुकं आता विरळ झालंय. तू लहानपणी वेणी घालताना मान हलवायचीस आणि मी चिडायची, एवढंच पुन्हा पुन्हा आठवत होतं, पांढऱ्या उजेडात कुणीतरी दुरून दाखवावं तसं. मला वाटायचं माझं सगळं सोडून झालंय. दोन साड्यांची यादी करून हुशारी वाटत होती. तू यादीत नव्हतीसच, कारण तुला मी कधी परिग्रह धरलंच नाही. मला तुझा लोभ आहे, प्रियदर्शनी. फार आहे. हे आजवर लिहायचं राहिलं होतं.

काल माताजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, एक उपवास. तो आज आहे, म्हणून अक्षर हलकं आलंय. मग त्या म्हणाल्या की भावाची परवानगी आली, पण जिला तू वाढवलंस तिची आली का? तिचं मन नसेल तर मी देणार नाही.

रायाप्पानं सहा ओळींत परवानगी लिहून दिली, त्यातल्या चार शेतीच्या. तुझी मागायला मी घाबरत होते. तू नाही म्हणालीस तर मी सदलग्याला येईन, आणि तोंड वाकडं न करता येईन, हे वचन. तुझ्या गॅलरीतल्या उन्हात बसीन. तेव्हा खरं काय ते लिही, माझ्यासाठी चांगलं म्हणून नको.

वाट बघते. थंडी पडलीय, कान बांधून गाडी चालव.

तुझी आत्ती

बेळगाव
२८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्तीस,
सा. न. वि. वि.

पाच दिवस तुझं पत्र घेऊन फिरले. गॅलरीतल्या उन्हात खुर्ची ठेवून बघितली. तू तिथं बसलेली दिसलीस, आणि तोंड खरंच वाकडं नव्हतं. तू माझ्याकडे बघून हसत होतीस. पण तुझी नजर माझ्या खांद्यावरून पुढं होती, डोंगर असतो त्या बाजूला. मग मी खुर्ची आत घेतली.

सात तारखेला आप्पा आणि मी येऊ. अक्काताई मुलींना घेऊन येणार आहे. तुझ्या नव्या साडीला पिको ती करून आणतेय, माताजींना चालेल का ते आधी विचारून ठेव. मी रांगेत उभी राहीन. माझी पाळी आली की सगळ्यांसारखी वाकून, क्षुल्लिकेला नमस्कार करताना म्हणतात तसं इच्छामि म्हणेन, आणि तुला आपण म्हणेन. तुझं नवं नाव मला इतरांबरोबरच कळेल. तेव्हा जे काही तू, तू, तू म्हणून घ्यायचं आहे ते ह्याच कागदावर. तू माझी वेणी घातलीस. तू माझ्या तापात जागलीस. तू मला खोटं बोलायला शिकवलं नाहीस, आणि तरी आपण दोघी अकरा दिवस किती छान खोटं बोललो.

मी, प्रियदर्शनी रायाप्पा मगदूम, माझ्या पूर्ण खुशीनं नाही, पण पूर्ण मनानं माझ्या आत्तीला परवानगी देते.

जा तू.

तुझी,
प्रियदर्शनी